दूरच्या सवंगड्यांची चावडी

खेळ म्हटला की सवंगडी हवेतच. एकट्याने विटीदांडू रंगत नाही आणि एकट्याने हुतूतूचा डाव मांडता येत नाही. खेळून दमल्यावर मुले पारावर टेकतात. डाव कसा झाला, कोणी शर्थ केली, कोणाचा पाय घसरला, याविषयीच्या गोष्टी मग सुरू होतात. या गोष्टींची गोडी प्रत्यक्ष खेळाहून तिळमात्र कमी नसते. किंबहुना, खेळ संपल्यावरही मैत्री टिकते ती या बोलण्यामुळेच.

संगणकावरील खेळांविषयी मात्र पुष्कळांची समजूत निराळी असते. पडद्यासमोर एकटाच बसलेला, हाक मारली तरी ऐकू न येणारा खेळाडू त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नाही. तथापि काही खेळ असेही आहेत की, त्यांच्याभोवती देशोदेशींची माणसे इंटरनेटच्या द्वारे एका अदृश्य चावडीवर जमतात. ती एकमेकांची खुशाली विचारतात, अडलेल्याला वाट दाखवतात, झालेली फजिती हसत हसत सांगतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. त्यांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडदेखील पाहिलेले नसते. अशाच एका खेळाची आणि त्याच्या चावडीची हकीकत मोठी मनोवेधक आहे.

संगणकावरील खेळ तयार करण्याच्या दोन रीती आहेत. मोठमोठ्या कंपन्या शेकडो कारागीर कामाला लावतात. चित्रे एक जण काढतो, संगीत दुसरा रचतो, आज्ञावली तिसरे लिहितात आणि जाहिरातीसाठी वेगळीच माणसे असतात. याउलट काही माणसे कोणाचीही चाकरी न पत्करता, एकेकटी किंवा दोघेचौघे मिळून, आपल्या मनातला खेळ स्वतःच घडवतात. अशा खेळांना स्वतंत्र किंवा ‘इंडी’ खेळ असे म्हणतात. या कारागिरांपाशी पैसा थोडा आणि मनुष्यबळ त्याहूनही थोडे असते. म्हणून खेळाडू हाच त्यांचा परीक्षक, तोच सल्लागार आणि पुष्कळदा तोच आधार असतो.

अमेरिकेतील टार्न अ‍ॅडम्स व त्यांचे वडील बंधू झॅक अ‍ॅडम्स हे असेच दोन कारागीर होत. संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात, याचे पहिले धडे या भावांना बालपणीच आपल्या पित्याकडून मिळाले. दोघे मिळून चित्रे काढीत, गोष्टी रचीत आणि त्या गोष्टींचे खेळ बनवीत. पुढे टार्न यांनी गणिताचा अभ्यास केला आणि २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर टेक्सासमधील एका विद्यापीठात त्यांना संशोधकाचे काम मिळाले. मार्ग सुखाचा होता, मानाचाही होता. परंतु त्यांचे मन गणितापेक्षा खेळातच अधिक रमत होते. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये दोघा भावांनी एक नवा खेळ हाती घेतला होता. ८ ऑगस्ट २००६ रोजी त्याची पहिली आवृत्ती त्यांनी सर्वांसाठी खुली केली आणि त्याच वर्षी टार्न यांनी विद्यापीठातील जागा सोडली. या खेळाचे नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांचा किल्ला. तो विनामूल्य होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, खेळावा आणि वाटल्यास स्वखुशीने काही द्रव्य पाठवावे, एवढाच त्याचा व्यवहार!

हिमगौरीच्या गोष्टीतील सात बुटके सर्वांच्या परिचयाचे आहेत. या खेळाचा आरंभही सात बुटक्यांनीच होतो. ते एक गाडी घेऊन रानावनात येतात आणि डोंगर खणून त्याच्या पोटात किल्ला वसवू लागतात. खेळाडूने फक्त आज्ञा द्यावयाच्या. येथे खणा, तेथे दार बसवा, पलीकडे धान्य पेरा, असे तो सांगतो. ते काम कोणी व केव्हा करावयाचे, हे बुटके आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवतात. कोणी कष्टाळू असतो, कोणी रुसका असतो, कोणाला मांजराचा लळा लागतो. त्यातही मौज अशी की, येथे धनी मांजराची निवड करीत नाही, मांजरच आपला धनी निवडते! हळूहळू नवे रहिवासी येतात, शरदात व्यापारी येतात आणि कधी शत्रूही चालून येतात.

ज्या भूमीवर हे सारे घडते, ती भूमीही प्रत्येक वेळी नवी असते. खेळ सुरू होण्यापूर्वी संगणक डोंगर उभारतो, पाऊस पाडतो, नद्यांना वाटा काढून देतो. शेकडो वर्षांचा इतिहास तो क्षणाक्षणाने पुढे नेतो. त्यात राज्ये वसतात, युद्धे होतात, वीर जन्मतात आणि मरतात. झॅक गोष्टी लिहीत. त्या गोष्टीत जे घडले ते खेळात घडू शकण्यासाठी काय काय लागेल, याचा विचार दोघे भाऊ करीत आणि टार्न त्याप्रमाणे आज्ञावली लिहीत. एवढे अफाट विश्व! परंतु मूळ खेळात चित्र म्हणून एकही नव्हते. पडद्यावर दिसत ती केवळ अक्षरे व चिन्हे. इंग्रजी ‘सी’ हे अक्षर दिसले की मांजर समजावे, ‘डी’ दिसले की कुत्रा समजावा. बुटक्याच्या जागी एक इवलासा हसरा चेहरा असे.

साहजिकच नवख्या माणसाला या खेळात काही केल्या वाट सापडत नसे. पहिल्या प्रयत्नातच त्याचा किल्ला बुडे, जळे किंवा उपासमारीने ओस पडे. अशा वेळी तो बंधूंच्या संकेतस्थळावरील चर्चेच्या जागी येई. तीच या खेळाची चावडी. तेथे पहिला प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसत नसे असे नाही. हसत सारेच, परंतु त्या हसण्यात उपहास नसे. ज्याने त्याने आपलाही पहिला किल्ला असाच गमावलेला असे. तेथील संभाषणाचा थाट साधारणपणे असा असावयाचा:

“मी नदीजवळ खणू लागलो, तोच भिंतीतून पाणी आले. पाहता पाहता सारी दालने भरली. माझे काय चुकले?”

“अभिनंदन! पहिला किल्ला बुडाला, म्हणजे आता तुम्ही आमच्यापैकी झालात.”

“खडक ओलसर आहे असा इशारा मिळाला होता का? मिळाला असेल तर तेथेच थांबावयाचे. त्या थरात पाणी साठलेले असते.”

“माझ्या पहिल्या किल्ल्यात पाणी मुबलक होते, पण मी शेतच करावयास विसरलो. तुमच्या बुटक्यांनी निदान स्नान तरी केले!”

अशा या थट्टेच्या पोटात तीन गोष्टी असत. पहिली, आपुलकीचे स्वागत. दुसरी, नेमके उत्तर. तिसरी, सांगणाऱ्याने स्वतःचीही फजिती न लपवणे. या तिन्हींच्या योगाने विचारणाऱ्याचा संकोच दूर होई आणि तो नव्या उमेदीने दुसरा किल्ला बांधावयास घेई. हरण्यातच मौज आहे, हे या खेळाचे ब्रीदवाक्यच होऊन बसले. या खेळाला विजयाची अशी अखेरची पायरीच नाही. किल्ला जितका काळ टिकेल तितका टिकवावयाचा आणि तो पडला की, तो कसा पडला याची गोष्ट चावडीवर येऊन सांगावयाची. जेथे हरलेल्याची गोष्ट जिंकलेल्याच्या गोष्टीइतकीच कान देऊन ऐकली जाते, तेथे प्रश्न विचारण्याची कोणाला लाज वाटत नाही.

ही मंडळी केवळ बोलत बसली असेही नाही. खेळाचे मार्गदर्शन करणारा एक भलामोठा ज्ञानकोश खेळाडूंनीच, कोणाचाही मोबदला न घेता, लिहून काढला. कोणत्या बुटक्याकडे कोणते काम आहे हे सोप्या रीतीने दाखवणारी साधने काहींनी तयार केली. अक्षरांच्या जागी चिमुकली चित्रे दिसावीत म्हणून काहींनी चित्रसंच काढले आणि ते सर्वांना वाटून टाकले.

काही खेळाडूंनी तर एकाच किल्ल्यावर पाळीपाळीने राज्य करण्याची प्रथा पाडली. एकाने खेळातील एक वर्ष कारभार पाहावयाचा, त्या वर्षाचा वृत्तान्त लिहावयाचा आणि किल्ला पुढच्याच्या स्वाधीन करावयाचा. २००६-०७ मध्ये एका दुसऱ्या चर्चास्थळावरील खेळाडूंनी असा चालवलेला ‘बोटमर्डर्ड’ नावाचा किल्ला विशेष गाजला. हत्तींच्या कळपांनी तेथील रहिवाशांना त्राहि भगवन् करून सोडले आणि अखेर तो किल्लाही नाश पावला. परंतु त्याचा वृत्तान्त असंख्य लोकांनी आवडीने वाचला आणि पुष्कळांना या खेळाची ओळख त्यातूनच झाली. पाळीपाळीने राज्य करण्यात एक मोठी अडचण असे. आधीच्या माणसाने बसवलेली कोणती कळ ओढली म्हणजे कोणते दार उघडेल, हे नव्या कारभाऱ्याला ठाऊक नसे. आपल्यामागून येणाऱ्याला आपले काम समजावे म्हणून नीट लिहून ठेवणे किती अगत्याचे आहे, हा धडा या मंडळींना खेळता खेळता मिळाला.

चावडीवरील या बोलण्याचा उपयोग खुद्द खेळकर्त्यांनाही होत असे. टार्न स्वतः तेथे येत, खेळाडूंचे प्रश्न गोळा करीत आणि त्यांना सविस्तर उत्तरे देत. आज्ञावली लिहिणारे ते एकटेच होते. इतक्या गुंतागुंतीच्या खेळातील सारे दोष एका माणसाच्या दृष्टीस पडणे अशक्यच. म्हणून दोष आढळला की खेळाडू तो कळवीत आणि त्या नोंदी निवडून, पारखून नीट लावून ठेवण्याचे कामही काही खेळाडूच स्वयंसेवक म्हणून करीत.

यासंबंधी मांजरांची गोष्ट प्रसिद्ध आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये खेळाची नवी आवृत्ती निघाली. तीत बुटक्यांसाठी मद्यगृहांची सोय केलेली होती. थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक तक्रार आली. मद्यगृहात मांजरे मरून पडत होती! त्यांना कोणी मारलेले नव्हते, ती उपाशीही नव्हती. टार्न यांनी शोध घेतला तेव्हा कारण उमगले. बुटके पेये पिताना ती जमिनीवर सांडत. मांजरे त्या ओल्या जमिनीवरून चालत आणि त्यांचे पाय मद्याने भिजत. मांजर आपले अंग चाटून स्वच्छ करते, हा नियम खेळात होताच. त्यामुळे पायाचे मद्य त्याच्या पोटात जाई. येथवर सारे ठीक होते. परंतु एकदा चाटल्याने किती मद्य पोटात जाते, हा आकडा चुकला होता. प्रत्येक वेळी पेलाभर मद्य प्याल्याचा हिशेब संगणक धरी. मांजराचा देह तो केवढा! त्याला ते सोसणार कसे?

या गोष्टीतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. सांडणे, भिजणे व चाटणे हे तिन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. दोष होता तो एका मापात आणि तो दिसून आला तिन्ही नियम एकत्र आल्यावर. कारागिराने आपल्या कामाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी काही दोष इतरांच्या हाती ते काम गेल्याखेरीज दिसतच नाहीत. परंतु ‘तुमचा खेळ बिघडला आहे’ एवढेच सांगितले तर ते ऐकून कोणाला काय करता येईल? दोष सांगण्याचीही एक रीत असते. आपण काय केले, काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि तसेच केले असता ते पुन्हा होते काय, या चार गोष्टी सांगितल्या म्हणजे तक्रारीचे रूपांतर साह्यात होते. असे सांगणाऱ्याच्या मनात राग नसतो. खेळ अधिक चांगला व्हावा ही इच्छा असते आणि ऐकणाऱ्यालाही ती जाणवते.

या भावांचा चरितार्थ खेळाडूंनी स्वेच्छेने पाठवलेल्या देणग्यांवर चाले. कोणी थोडे पाठवी, कोणी अधिक. त्याची परतफेड म्हणून हे भाऊ देणगी देणाऱ्याला रंगीत खडूंनी स्वतः काढलेले एखादे चित्र किंवा त्याच्यासाठी लिहिलेली एखादी छोटी गोष्ट पाठवीत. गणितातील डॉक्टरेट मिळवलेला माणूस खडू घेऊन अनोळखी माणसासाठी चित्र काढत बसला आहे, हे दृश्य मनापुढे आणले म्हणजे हा व्यवहार नुसत्या पैशाचा नव्हता हे सहज पटते. अशा रीतीने वर्षांमागून वर्षे गेली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आपल्या संग्रहासाठी प्रथमच चौदा संगणकीय खेळ निवडले. त्या चौदांत या बुटक्यांच्या किल्ल्याला स्थान मिळाले. जगभर गाजलेल्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या कर्त्यालाही या खेळापासून स्फूर्ती मिळाली होती. कीर्ती वाढली. परंतु बंधूंची राहणी साधीच राहिली आणि खेळही विनामूल्यच राहिला.

पुढे एक कठीण प्रसंग आला. झॅक यांना त्वचेचा कर्करोग झाला. अमेरिकेत औषधोपचार फार महाग असतात आणि ज्याच्यापाशी पुरेसा विमा नाही, त्याची आयुष्यभराची शिल्लक एका आजारात संपून जाऊ शकते. झॅक यांच्या पत्नीच्या नोकरीमुळे त्यांना विम्याचे साह्य मिळाले व उपचार पार पडले. परंतु हाच प्रसंग टार्न यांच्यावर ओढवला असता तर? देणग्यांवर चालणाऱ्या संसारात अशा संकटासाठी तरतूद कोठून होणार? दोघांचे वय वाढत होते आणि खेळ तर अद्याप पुरा व्हावयाचा होता. अखेर २०१९ च्या मार्च महिन्यात त्यांनी आपला निर्णय जाहीर केला. खेळाची चित्रे व संगीत असलेली नवी आवृत्ती काढावयाची आणि ती ‘स्टीम’ या संगणकीय बाजारपेठेत विकावयाची, असे ठरले. कॅनडातील ‘किटफॉक्स गेम्स’ ही लहानशी संस्था तिचे प्रकाशन करणार होती.

तेरा वर्षे जे विनामूल्य दिले, त्याला आता मोल लावावयाचे, ही गोष्ट नाजूक होती. परंतु बंधूंनी कोणतीही गोष्ट आडपडद्याने केली नाही. आजार, खर्च आणि भवितव्याची काळजी, सारे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. अक्षरचिन्हांची जुनी आवृत्ती पूर्वीप्रमाणेच विनामूल्य मिळत राहील, असेही त्यांनी जाहीर केले आणि तो शब्द पाळला. नव्या आवृत्तीची चित्रे काढण्यासाठी त्यांनी प्रथम कोणाला बोलावले असेल? ज्यांनी पूर्वी केवळ आवडीखातर चित्रसंच काढून सर्वांना वाटले होते, त्यांच्यापैकीच दोघांना! चावडीवर फुकट केलेल्या कामाची आठवण ठेवून त्यांना आता रीतसर मेहनताना देण्यात आला.

नवी आवृत्ती तयार होण्यास जवळजवळ पावणेचार वर्षे लागली. ६ डिसेंबर २०२२ रोजी ती विक्रीस निघाली. किंमत सुमारे तीस डॉलर होती. पहिल्या चोवीस तासांतच तिच्या दीड लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि वर्षअखेरपर्यंत ही संख्या पाच लाखांच्या जवळ जाऊन पोहोचली. जानेवारी २०२३ या एका महिन्यात बंधूंच्या हिशेबात जमा झालेली रक्कम बहात्तर लाख डॉलरांहून अधिक होती. कर व इतर देणी त्यातून वजा व्हावयाची होती, तरीही औषधोपचारांची चिंता मिटण्यास ती पुरेशी होती. ज्याला हा खेळ फुकट मिळत होता व पुढेही मिळणार होता, अशा पुष्कळांनी तो मुद्दाम विकत घेतला. कित्येकांच्या दृष्टीने ही खरेदी नव्हती, वर्षानुवर्षे मिळालेल्या आनंदाची ती उतराई होती. २०२३ मध्ये टार्न यांच्या मदतीला आज्ञावली लिहिणारी आणखी एक व्यक्ती आली. तीही दीर्घकाळ या खेळात आवडीने नाना सुधारणा करीत आलेल्या खेळाडूंपैकीच होती.

या साऱ्या हकीकतीत मोठे भाग्य एकाएकी उदयास आले असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु ते भाग्य सोळा वर्षे हळूहळू घडत होते. नवख्याला दिलेले प्रत्येक उत्तर, नीट लिहिलेली प्रत्येक तक्रार, हसत सांगितलेली प्रत्येक फजिती आणि खडूंनी काढलेले प्रत्येक चित्र यांतून ते घडत होते. चावडीवर रोज चाललेले बोलणे पाहणाऱ्याला क्षुल्लकच वाटले असते. कोणाचे मांजर मेले, कोणाची विहीर आटली, कोणाचा बुटका रुसला, यापलीकडे त्यात काय होते? परंतु याच बोलण्यातून ओळख झाली, ओळखीतून विश्वास उपजला आणि संकटाच्या वेळी तो विश्वास उपयोगी पडला. शेजारधर्म गावात जसा पाळावयाचा, तसाच तो या न दिसणाऱ्या चावडीवरही पाळावयाचा असतो. पडद्यावर उमटणाऱ्या शब्दांमागे एक माणूस बसलेला आहे, त्यालाही आपल्यासारखेच सुखदुःख आहे, एवढे ज्याच्या ध्यानी राहते, त्याला दूरदेशीही सवंगडी लाभतात.

स्वाध्याय

१. स्वतंत्र खेळ घडवणाऱ्या कारागिराला खेळाडूंचा आधार का लागतो?

२. चावडीवरील हसण्यात उपहास नसे, असे का म्हटले आहे?

३. मांजरे मरण्याचे कारण क्रमवार लिहा. एकेक नियम बरोबर असूनही दोष कसा निर्माण झाला?

४. खेळ विकण्याचा निर्णय नाजूक का होता? बंधूंनी तो खेळाडूंना कशा रीतीने सांगितला?

५. ‘तक्रारीचे रूपांतर साह्यात होते’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : फजिती, आडपडदा, उतराई, शर्थ करणे, ध्यानी राहणे.

७. शाळेतील एखाद्या वस्तूत तुम्हाला दोष आढळला आहे अशी कल्पना करा. पाठात सांगितलेल्या चार गोष्टी ध्यानात ठेवून तो दोष कळवणारे पत्र मुख्याध्यापकांना लिहा.